खाऱ्या पाण्याची टाकी ठाण्याहून पुण्याला हलवायची आहे

मृण्मयी_घोडबंदर | १६ नोव्हेंबर

नमस्कार. बरेच दिवस इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलचक होईल, पण सगळं एकदम सांगितलं तर तुम्हाला सल्ला देणं सोपं जाईल.

आमच्याकडे सव्वातीन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिलिमीटरची काच. खालच्या कपाटात अडीच फुटी सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी), त्यात फेसातून घाण काढणारा स्किमर आणि पाणी परत वर पाठवणारा रिटर्न पंप. खडक साधारण २५ किलो, तळाला दोन इंच वाळू. टाकी आणि सम्प मिळून प्रत्यक्ष पाणी २२५ लिटरच्या आसपास. राहणारी मंडळी मोजकीच: क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, शेवाळ खाणारा एक ब्लेनी, एक क्लीनर कोळंबी आणि आठ-दहा गोगलगायी. प्रवाळ नाही, कधी आणलंही नाही.

टाकी माझ्या हौसेची, पण तिचं रोजचं सगळं माझे सासरे बघतात. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, हे मी त्यांना सुरुवातीला एकदा समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहते तर सम्पच्या काचेवर पाण्याच्या रेषेला निळी इन्सुलेशन टेप लावलेली. तेव्हापासून पूजा आटोपली की स्टीलच्या गडूने टेपेपर्यंत पाणी घालायचं, हा त्यांचा नेम. मी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघते ती आठवड्यातून एकदा, आणि ती ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार) वरून हललेली मला क्वचितच दिसलीय.

आता माझी बदली पुण्याला झाली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी कोथरूडला जायचंय, सासू-सासरेही सोबत येताहेत. सामान ट्रकने जाईल, आम्ही आमच्या गाडीने. टाकी विकून टाका असं दोन-तीन जणांनी सुचवलं. बाबा, म्हणजे सासरे, त्यावर काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी बराच वेळ टाकीसमोर बसून होते. टाकी न्यायचीच, हे माझं ठरलं आहे.

माझा विचार असा: खडक आणि मासे काढायचे, पाणी उपसायचं, वाळू ओलीच ठेवून टाकी चौघांनी उचलून ट्रकमध्ये ठेवायची. पुण्यात पोचलं की खडक रचायचे आणि जुनंच पाणी परत भरायचं. यात काय चुकतंय? आणि मासे पाच-सहा तास पिशवीत राहतील का?

---

जुना_खारवट | १६ नोव्हेंबर

मृण्मयी, विचारलंत ते फार बरं केलंत. चुकतंय ते एकाच ठिकाणी, पण तिथेच सगळं बुडतं. वाळू टाकीत ठेवून टाकी उचलू नका.

पहिलं कारण काचेचं. या मापाची रिकामी टाकी ५० किलोच्या वर भरते. त्यात ओली वाळू म्हणजे आणखी ५० किलोच्या आसपास, आणि ते ओझं उचलताना एका कोपऱ्याकडे सरकतं. तळाच्या काचेला पीळ बसतो, सिलिकॉनचा जोड सुटतो. लगेच दिसत नाही. चार दिवसांनी रात्री तीन वाजता हॉलमध्ये पाणी येतं तेव्हा कळतं.

दुसरं कारण मोठं. सव्वातीन वर्षांच्या वाळूत माशांची विष्ठा, न खाल्लेलं अन्न, मेलेले किडे सगळं खाली बसलेलं असतं. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथे कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो. वाळू जागेवर पडून असते तोवर काही होत नाही. एकदा ढवळली की सगळं एकदम पाण्यात उतरतं.

२०१३ साली मी भांडुपहून मुलुंडला घर बदललं. पाच किलोमीटरसुद्धा अंतर नव्हतं. जुनी वाळू तशीच नेली, पाणी जुनंच, खडक तेच. संध्याकाळी सात वाजता सगळं लागलं, मासे पोहत होते, मी समाधानाने झोपलो. सकाळी सहाला दिवा लावला तर पाणी दुधासारखं आणि सगळे मासे आडवे. एक नर टँग होता, नऊ वर्षं पाळलेला. अजून आठवलं की घशात येतं. म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितोय.

वाळू टाकून द्या, नवी घ्या. किंवा बादलीत थोडी थोडी घेऊन नळाच्या पाण्याने इतकी धुवा की पाणी नितळ निघेल. तिच्यातले जिवाणू मरतील, मरू देत. तुमचं गाळण आहे ते त्या २५ किलो खडकात. खडकाच्या प्रत्येक छिद्रात जिवाणू बसलेले आहेत, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात. खडक ओले ठेवलेत, पाण्यात बुडवून नेलेत, की तुमची टाकी तुमच्यासोबत आली असं समजा. बाकी काच आणि पाणी कुठेही मिळतं.

---

केदार_चिंचवड | १७ नोव्हेंबर

खारवटदादांशी बराचसा सहमत, पण जुनं पाणी मात्र सगळं न्यावं असं मला वाटतं. माशांना त्या पाण्याची सवय असते. आणि वाळू पूर्ण धुतली तर तिच्यातले उपयोगी किडे जातात. मी दोन किलो वाळू न धुता फडक्यात बांधून नेली होती, नव्या वाळूला विरजण म्हणून. मला काही त्रास झाला नाही.

---

जुना_खारवट | १७ नोव्हेंबर

केदार, पाण्यात जिवाणू जवळजवळ नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. सगळं पाणी नेण्याने मिळतं काय, तर २०० किलोचं ओझं. निम्मं न्यायचं ते एवढ्यासाठी की माशांना बदल कमी जाणवावा आणि खडक बुडवायला पाणी असावं. निम्मं ताजं कालवलेलं चालतं. उलट त्या निमित्ताने साठलेलं नायट्रेटही खाली येतं.

विरजणाबद्दल माझं मत तेच. तुझी टाकी वर्षभराची होती, ही सव्वातीन वर्षांची आहे.

---

देवगडकर | १७ नोव्हेंबर

आमच्याकडे मीठ विकत घ्यावं लागत नाही, दर्याचं पाणीच वापरतो. ठाण्या-मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी मात्र कुणी घेऊ नये. आमच्याकडेसुद्धा जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तर नाहीच, त्यानंतरही ऑक्टोबर सरेपर्यंत मी थांबतो. पावसात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ दर्यात येतो. खाडीच्या तोंडाशी घेतलेलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. पाणी घ्यायचं ते खाडीपासून लांब, होडीतून थोडं आत जाऊन, भरती पुरी झाल्यावर. मी भांगाच्या दिवसांत घेतो, उधाणाला तळ ढवळलेला असतो. मग कापडातून गाळून दोन आठवडे झाकून अंधारात ठेवायचं, वरचं नितळ तेवढं वापरायचं.

ताईंच्या प्रश्नाला याचा उपयोग नाही, पण धागा वाचून कुणी गणपतीच्या सुट्टीत येऊन पिंप भरून नेईल म्हणून लिहिलं.

---

ऋचा_स | १८ नोव्हेंबर

वाचनखूण साठवली. मला शून्यापासून सुरू करायचं आहे, म्हणून इथेच विचारते. लहानपणी आजोबा मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. मत्स्यालय १९५१ साली उघडलं तेव्हा ते स्वतः शाळकरी मुलगा होते, रांगेत उभे राहून पाहून आले होते. ते डोक्यातून कधी गेलंच नाही. आमचा पाणी शुद्ध करायचा आरओ आहे, तेच पाणी चालेल ना? आणि मालवणला मामा आहे, तिथून समुद्रातले दगड आणले तर?

---

जुना_खारवट | १८ नोव्हेंबर

ऋचा, घरचा आरओ बहुधा चालत नाही. पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून पाहा, ५०-६० तरी निघेल. आपल्याला शून्य हवा, नाहीतर शेवाळाचा उच्छाद होतो. आरओच्या पुढे, उरलेले क्षार शोषून घेणारी डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. 'कॉपर' लिहिलेले प्युरिफायर तर लांबच ठेवा. तांबं कोळंबीला आणि गोगलगायींना विष आहे. (मृण्मयी, बाबांचा गडू स्टीलचा आहे हे वाचून बरं वाटलं. तांब्याचा असता तर मी तुम्हाला फोनच केला असता.)

मीठ म्हणजे खास टाकीसाठीचं सागरी मीठ. स्वयंपाकातलं नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम काही नसतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, मोटर लावून रात्रभर फिरवायचं, दुसऱ्या दिवशी मोजायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या द्रावणाने जुळवून घ्या. काटेवाल्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो.

मग खडक रचा, पाणी भरा आणि थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. पाण्यात अमोनियाचा थोडा खुराक द्यायचा, आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत एकही मासा नको. सुरुवातीचा मासा म्हणून पैदास केलेली क्लाउनफिशची दोन पिल्लं घ्या, लहान-मोठी बघून. ही सगळी जन्मतः नर असतात, जोडीतलं मोठं आपोआप मादी होतं.

---

देवगडकर | १८ नोव्हेंबर

मालवणच्या दगडांचं मी सांगतो. नको. १९८७ पासून मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य आहे. त्याच्या बाहेरसुद्धा प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच. मेलेलं प्रवाळही उचलायचं नाही. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्यात आल्या.

कायदा बाजूला ठेवला तरी बघा. आमच्या विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. एवढ्या खोल दर्यात मधेच वर आलेलं पठार, त्यावर प्रवाळ. दर वर्षी अगदी थोडं वाढणारी वस्तू आहे ती. ती दिवाणखान्यात आणायची नसते. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे केलेले खडक मिळतात ते घ्या. सिमेंटचे असतील तर आधी काही आठवडे गोड्या पाण्यात मुरवा, नाहीतर पीएच चढतो.

क्लाउनफिशही समुद्रातून पकडलेले घेऊ नका. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांची पैदास कधीच जमवली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचं केंद्र आहे.

---

सोनचाफा | १९ नोव्हेंबर

एक सुचवू का? हलवतच आहात तर खडक गरम पाण्यात उकळून घेतले तर वर्षांची सगळी घाण निघेल.

---

पूर्वा_एमडी | १९ नोव्हेंबर

कृपया उकळू नका, कुणीही, कधीही. खडकातला जीव मरेल हे आहेच. पण त्यावर झोअँथिड नावाचे बटणासारखे जीव असतील तर त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. उकळताना ते वाफेतून हवेत येतं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडतात. श्वास लागणं, ताप, छातीत दुखणं, अतिदक्षता विभागापर्यंत गोष्ट जाऊ शकते. कोरड्या ब्रशने घासूही नका. जुन्या टाकीच्या खडकांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला करू द्या.

---

सोनचाफा | १९ नोव्हेंबर

अरे बापरे. हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

---

अभिजित_आरसीसी | २० नोव्हेंबर

जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. कपाट, सम्प, पाणी, खडक धरून हे प्रकरण ४०० किलोच्या घरात जातं. घरांचे स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून बांधतात. हा आकडा पूर्ण खोलीसाठी असतो, त्यामुळे ४ फुटी टाकीने लगेच घाबरून जायचं कारण नाही, पण ती खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या पुढे आलेल्या भागावर नको. बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवा. इमारत जुनी असेल किंवा शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कपाट ठेवल्यावर स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावून बघा. टाकीखाली थर्माकोल घाला. पाणी दोन इंच भरून पुन्हा लेव्हल बघा, मगच पुढे भरा.

आणि वीज. मीठाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट बोर्डात जातं. प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळात खाली गळेल. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वयस्कर माणूस रोज त्यात हात घालणार आहे.

---

मृण्मयी_घोडबंदर | २१ नोव्हेंबर

इतकं भरभरून लिहिलंत, काय बोलू. आरसीसीबीचं वाचून नवऱ्याने लगेच कोथरूडच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. बाबांनी सगळे प्रतिसाद माझ्याकडून वाचून घेतले आणि वहीत क्रम लिहायला घेतलाय. माशांच्या पिशव्यांचं कुणी सांगाल का?

---

जुना_खारवट | २१ नोव्हेंबर

दोन दिवस आधी खाणं बंद. उपाशी मासा पाणी कमी घाण करतो, आणि त्याला काहीही होत नाही. प्रत्येकाची वेगळी पिशवी, एकात एक घातलेली दुहेरी. एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला सिलिंडरवर भरून द्यायला सांगा. सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, झाकण लावून. अंधारात मासे शांत राहतात. खोकं तुमच्या गाडीत, ट्रकमध्ये नाही.

पोचल्यावर एक चूक बहुतेक सगळे करतात. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब नवं पाणी सोडत बसतात. दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ते ठीक. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि उतरलेल्या पीएचला अमोनिया फारसा जाचत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी १५-२० मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग उघडून मासा लगेच टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत नाही. त्यासाठी दोन्हीकडची क्षारता आधीच ३५ ला जुळलेली हवी.

काढताना क्रम असा: आधी वरचं स्वच्छ पाणी जारमध्ये भरून घ्या, पिशव्यांसाठीचंसुद्धा. खडक हलला की पाणी गढूळ झालंच. मग खडक, मग चार इंच पाण्यात मासे सहज सापडतात, शेवटी वाळू. आणि पुण्यात ८० लिटर खारं पाणी जास्तीचं तयार ठेवा. लागलं नाही तर पुढच्या पाणीबदलाला होईल.

---

मृण्मयी_कोथरूड | १७ डिसेंबर

(आयडी बदलून घेतला!)

पोचलो. सगळे जिवंत आहेत. पण मधल्या दोन दिवसांत जे झालं ते लिहायलाच हवं.

शनिवारी पहाटे पाचला सुरुवात. बाबांची वही टाकीवर टेकवून ठेवलेली. वीस लिटरचे पाच जार भरले, मग हातमोजे घालून खडक एकेक करून झाकणाच्या दोन मोठ्या टबांत, पूर्ण बुडवून. क्लाउनफिश, फायरफिश, कोळंबी मिळाली. ब्लेनी मिळेना. टाकी रिकामी झाली तरी नाही, सम्पमध्ये नाही. मी वाळूत हात घालून शोधत होते, डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. तेवढ्यात बाबांनी टबातला एक खडक उचलून उजेडाकडे धरला. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या छिद्रातून ब्लेनीचं तोंड बाहेर, डोळे आमच्याकडे लावलेले. बाबांनी तो खडक तसाच पिशवीच्या तोंडावर तिरका धरला आणि तो सुळकन आत उतरला.

आठला निघालो. खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि अडकलो. पुढे कंटेनर बंद पडला होता. एक्सप्रेसवे ९४ किलोमीटरचा, पण ती पाच-सहा किलोमीटर चढायला अडीच तास गेले. खडकांच्या टबांत बॅटरीचे एअर पंप लावून ठेवले होते, खोकं माझ्या मांडीवर. कोथरूडला पोचेपर्यंत दोन वाजले. नवरा आदल्या दिवशीच येऊन पाणी कालवून, लेव्हल साधून तयार होता. रात्री आठला मासे टाकीत सोडले.

आता चूक. तुम्ही इतकं बजावूनही मी दोन किलो वाळू न धुता फडक्यात बांधून आणली होती. बाकीची सगळी धुतली, पण एवढी ठेवावी असं वाटलं. ती पुरचुंडी बंद डब्यात बारा तास राहिली होती. रात्री ती सम्पमध्ये ठेवली. रविवारी दुपारी कोळंबी कोपऱ्यात, हालचाल नाही. क्लाउनफिश वर येऊन भराभर कल्ले हलवताहेत. अमोनिया तपासला तर ०.५.

पुरचुंडी उचलली तेव्हा तिचा वास सगळ्या घरात पसरला. तयार असलेलं ८० लिटर पाणी लगेच बदललं. रात्री जागून आणखी ८० लिटर कालवलं, सोमवारी संध्याकाळी तेही बदललं. आज सकाळी अमोनिया शून्य. कोळंबी दुपारी ब्लेनीच्या पाठीवर चढून साफसफाई करत होती.

---

जुना_खारवट | १७ डिसेंबर

वाचताना हातातला चहा तसाच राहिला. ठीक झालं. ते ८० लिटर तयार होतं म्हणून वेळ मिळाला, आणि बाकीचं खडकांनी सावरलं. आता महिनाभर नवा मासा नाही, खाणं निम्मं, आणि आठवडाभर रोज अमोनिया व नायट्राइट तपासा.

---

केदार_चिंचवड | १७ डिसेंबर

मृण्मयीताई, माझ्यामुळे झालं. मनापासून माफी मागतो. वरच्या प्रतिसादात तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचणारा फसणार नाही. चिंचवड जवळच आहे, मीठ किंवा रेझिन लागलं तर कधीही सांगा.

---

मृण्मयी_कोथरूड | १८ डिसेंबर

केदार, माफी कसली. ठरवलं मीच. या रविवारी टाकी बघायला या, बाबांना आवडेल.

एक नवीनच गोष्ट. ठाण्यात आमचा लढा कायम उष्णतेशी, मे महिन्यात टाकीवर पंखे लावून पाणी २८ वर राखताना नाकी नऊ यायचे. हीटर कधी घेतलाच नाही. इथे आज पहाटे पाणी २२. क्लाउनफिश तळाशी गोळा होऊन बसलेले. हीटर किती वॅटचा घेऊ?

---

जुना_खारवट | १८ डिसेंबर

२०० वॅट. एकाऐवजी १०० चे दोन घेतले तर जास्त बरं. हीटर बंद पडतो तसा तो चालूच राहून अडकतोही, आणि १०० वॅटचा एकटा एवढं पाणी लगेच शिजवू शकत नाही. सम्पमध्ये लावा, पाणीबदलाच्या वेळी आधी बंद करा. तापमान एकदम नको, दिवसाला एक अंश करत २५-२६ वर आणा.

---

ऋचा_स | ९ फेब्रुवारी

धागा वर काढते. माझ्या टाकीचे सहा आठवडे पूर्ण झाले, अमोनिया-नायट्राइट शून्य आहेत. पुढच्या आठवड्यात क्लाउनफिशची दोन पिल्लं आणतेय, आजोबांना घेऊन जाणार आहे. मृण्मयी, तुमच्याकडे सगळं कसं आहे? आणि पुण्यात रोज भर किती घालावी लागते? माझ्या सम्पची पातळी फारच झपाट्याने उतरते, गळती तर नसेल?

---

मृण्मयी_कोथरूड | १० फेब्रुवारी

अभिनंदन ऋचा! आजोबांचा टाकीसमोरचा फोटो नक्की टाक.

गळती नसावी. पुण्याची हवा कोरडी, त्यात हिवाळ्यात हीटर चालू, मग वाफ जास्त होणारच. ठाण्यात रोज तीन गडू लागायचे, इथे सहा लागतात. खात्री करायची तर क्षारता बघ. वाफेने पाणी कमी झालं असेल तर भर घालण्याआधी ती वाढलेली दिसेल, गळती असेल तर तेवढीच राहील.

क्लाउनफिशच्या जोडीने मागच्या आठवड्यात डाव्या कोपऱ्यातला खडक साफ करून ठेवलाय, मादी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. अजून अंडी दिसली नाहीत. बाबा रोज टॉर्च घेऊन बघतात.

सम्पची जुनी टेप धुताना निघाली होती. बाबांनी नवी लावली आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात निळी नव्हती म्हणून लाल.